चार बोटं वाळू

स्वी लियानने एकतीस वर्षं काच पुसली.

बेटावरच्या बालिक पुलाऊ गावच्या डोंगराखाली, जायफळाच्या बागेला लागून त्यांचं घर आणि घरामागे पत्र्याची लांबलचक शेड. शेडमध्ये लोखंडी मांडण्यांवर तीन मजल्यांत चौसष्ट टाक्या. टाकीत पाणी, पाण्यात डिस्कस मासे, आणि बाकी काही म्हणजे काही नाही. वाळू नाही, खडा नाही, हिरवं पान नाही. अंडी घालायला मातीचा एक सुळका उभा केलेला, तेवढाच काय तो दागिना. तळाला नुसती काच. त्या काचेवर माशांनी टाकलेली घाण लगेच दिसे, आणि दिसली की स्वी लियान ती रबरी नळीने ओढून घेई. सकाळी एकदा, दुपारी एकदा. चौसष्ट टाक्या, दिवसातून दोनदा, एकतीस वर्षं. हिशेब करायला गेलं तर भोवळ येईल, म्हणून तिने तो कधी केला नाही.

नवरा, बून लिओंग, गिऱ्हाइकांना सांगायचा, "तळ दिसला पाहिजे. ज्याच्या टाकीचा तळ दिसत नाही त्याच्याकडून मासा घेऊ नका." जर्मनीहून, तैवानहून लोक यायचे, माना डोलवायचे. स्वी लियान ओल्या हातांनी त्यांना कॉफी आणून द्यायची.

डिस्कस म्हणजे बशीएवढा चपटा मासा आणि सुनेसारखा हळवा. पाणी जरा थंड झालं की रुसतो, जरा कडक झालं की काळवंडून कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. त्याला गाईचं काळीज बारीक वाटून घालावं लागे. स्वी लियानच्या आईने कुआन यिन देवीला नवस बोलला होता, तेव्हापासून त्यांच्या घरात गोमांस शिजत नसे. तिने स्वतः जन्मात ते तोंडात घातलं नव्हतं. पण रोज पहाटे दोन किलो काळीज तीच सोलायची, शिरा काढायची, यंत्रातून फिरवायची. मग लिंबाने हात चोळून देवीपुढे उदबत्ती लावायची. "तिला समजतं," एवढंच म्हणायची. देवीला काय समजतं, ते कोणी विचारलं नाही.

या माशांची पिल्लं आईबापाच्या अंगाला चिकटून, त्यांच्या कातडीवरचा चिकट रस खाऊन वाढतात. आई दमली की बाप पुढे होतो, पिल्लं त्याच्या अंगावर जातात. लेक हुई शान झाली तेव्हा स्वी लियानला दूध कमी आलं. बून लिओंग तिच्या सासूसमोर म्हणाला होता, "माझ्या चौदा नंबरकडे बघून शीक जरा. नवरा-बायको दोघं पाजतात." सासू खूप हसली. स्वी लियान म्हणाली, "दोघं पाजतात ना? मग घे पोरीला." त्यावर कोणी हसलं नाही.

त्याच दिवसांत कधीतरी ती हुई शानला लस टोचायला जॉर्जटाऊन शहरात घेऊन गेली होती. दवाखान्यात एक टाकी होती. तळाला वाळू, वाळूतून वर आलेली रुंद रुंद पानं आणि त्या पानांमधून सावकाश फिरणारे मासे. ती इतका वेळ बघत राहिली की नर्सला तिचा नंबर दोनदा पुकारावा लागला. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "एक टाकी तशी करू या का? पुढच्या खोलीत. चौसष्टातली एक."

"घाण लपवायला जागा हवी का तुला?" बून लिओंग म्हणाला. विषय संपला. त्या घरात विषय असेच संपत.

मग दोन वर्षांपूर्वी, टाकी नंबर बावीसपाशी उभ्याउभ्या बून लिओंगच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवी बाजू गेली आणि वाचा पूर्ण गेली. बासष्ट वर्षांचा, दारातून आत शिरताना मान वाकवावी लागणारा माणूस पुढच्या खोलीत लोखंडी खाटेवर येऊन पडला. डावा हात तेवढा शिल्लक. त्या हाताच्या बोटात लग्नातली अंगठी होती. ती तो खाटेच्या दांडीवर वाजवायचा. एकदा टक म्हणजे पाणी. दोनदा म्हणजे खाटेखालचं भांडं. तीनदा म्हणजे कूस बदल. आणि सारखं टकटकटक म्हणजे बाकी सगळं. त्या बाकी सगळ्याला स्वी लियान 'राग' म्हणे, कारण एकतीस वर्षांत तिला ते बहुधा रागच निघालेलं होतं.

शेड चालवणं एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. समुद्रापलीकडच्या किनाऱ्यावरचा एक व्यापारी येऊन मांडण्यांसकट सगळं घेऊन गेला. मासे पिशव्यांत भरत होते तेव्हा खाटेवरून टकटक सुरू झाली ती थांबेना. शेवटी स्वी लियानने एकेक टाकीचा नंबर घेऊन विचारलं. चौदाला टकटक थांबली. चौदामध्ये सहा मासे होते, लाल अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे, अंगावर एकही काळा ठिपका नसलेले. असा मासा काढायला बून लिओंगला एकोणीस वर्षं लागली होती. ते सहा राहिले. त्यांची टाकी स्वयंपाकघरात, भाताच्या डब्याशेजारी मांडली.

त्यानंतर तो जेवेना. गिळता येत होतं, डॉक्टरांनी तपासलं होतं. पण पेजेचा चमचा ओठाशी नेला की दात घट्ट. स्वी लियानच्या नाकी नऊ आले. एक दिवस खाट धुवायची म्हणून तिने आणि शेजारच्या रोहानाने त्याला खुर्चीत बसवून स्वयंपाकघराच्या दाराशी आणलं. समोर टाकी. पेजेचा चमचा पुढे केला तर तोंड उघडलं. अख्खी वाटी संपली.

"घ्या," रोहाना म्हणाली, "बायकोच्या हातचं नको, माशांच्या संगतीत हवं."

"त्यांच्याशी लग्न केलं असतं तर माझी तरी सुटका झाली असती," स्वी लियान म्हणाली. पण तिचे डोळे भरून आले होते. रोहानाने ते पाहिलं आणि ती खाट धुवायला गेली.

त्या दिवशी ठरलं. एक नवी टाकी पुढच्या खोलीत, खाटेला लागून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर मांडायची. आणि मांडायचीच आहे तर आपल्या मनासारखी.

केंग हूई बाजारात माशांचं दुकान चालवायचा. बून लिओंगचे मासे त्याने पंचवीस वर्षं विकले होते. स्वी लियानने काय हवं ते सांगितलं तेव्हा तो तोंडातली काडी काढून बघतच राहिला.

"आ सो, बून लिओंगच्या घरात वाळू? तो उठून बसेल."

"उठू दे. त्याच्यासाठीच चाललंय सगळं."

वहिनीला 'आ सो' म्हणतात, आणि केंग हूईने तिला वहिनीचा मान कायम दिला होता. त्याने कपाटावरून चार डबे काढून फळीवर ओतले.

"हे पोवळ्याचं चूर्ण. दिसायला सुंदर, पण पाणी कडक करतं. आठवड्यात मासे कोपऱ्यात. हे रंगीत खडे. फटींत काळीज अडकतं, सडतं. शाळेतल्या पोरांसाठी ठेवतो. ही काळी माती, रोपांना याहून चांगलं काही नाही. पण पहिला महिनाभर पाण्यात जहर सोडते, तोवर मासे घालायचे नाहीत. आणि ही नदीची बारीक वाळू. ना देते, ना घेते. सासूबाईंच्या अगदी उलट."

"वाळूत रोपं जगतील?"

"तुमच्या त्या गरम पाण्यात अर्धी रोपं शिजतात. रुंद पानांचं हे तलवारीसारखं घ्या, हे टिकेल. पण त्याच्या मुळांना खायला लागतं. मी सांगतो तसं करा. काळी माती छोट्या कुंड्यांत भरा, रोपं त्यात लावा. बाकी तळाला वाळू फक्त दोन बोटं. दोन! जाड थर केला की खाली हवा पोचत नाही, सडतं. आणि हे घ्या, फुकट." त्याने पाण्याची एक पिशवी पुढे केली. आत सुईच्या टोकासारख्या निमुळत्या वीसएक गोगलगायी. "रात्रंदिवस वाळू उकरतात. तुमचे माळी."

स्वी लियानने पिशवी घेतली, कारण नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. पण ती अंगापासून लांब धरली. गोगलगाय म्हणजे त्यांच्या धंद्यातली उघडी बेअब्रू. हातातल्या ओल्या जाळ्याला एक गोगलगाय चिकटलेली दिसली म्हणून बून लिओंगने एका तैवानी गिऱ्हाइकाला दारातून परत पाठवलं होतं, पावसात. शेडमध्ये कुठे एक दिसली की स्वी लियान ती अंगठ्याने काचेवर चिरडायची. तिचा अंगठा ते काम विचार न करता करायचा. घरी येताना तिने पिशवी गटारात उपडी केली.

कुंड्या तिने आणल्या होत्या. लावूनही पाहिल्या. टाकीच्या तळाला सात मातीच्या कुंड्या, त्यांत सात रोपं, मधे वाळू. खाटेच्या कडेला बसून ती बघत राहिली. ते कबरस्तानासारखं दिसत होतं, चिंग मिंगच्या सणाला सगळे पूर्वजांच्या कबरी साफ करायला जातात तसं. तिला जमीन हवी होती. दवाखान्यात पाहिलेली ती जमीन, पुढे उतरती, मागे चढत गेलेली, जिच्यातून झाड आपल्या मनाने वर येतं.

तिने कुंड्या काढल्या. सगळ्या तळावर काळी माती पसरली आणि तिच्यावर वाळू घातली. दोन बोटांनी माती दिसत राहिली, पाण्यात उडत राहिली. तिने आणखी घातली. चार बोटं झाली. मागच्या बाजूला पाच. तेव्हा कुठे ती जमीन दिसली.

बाकी सगळं तिने शास्त्राप्रमाणे केलं. पाच आठवडे त्या टाकीत मासा घातला नाही; मासे स्वयंपाकघरातल्या टाकीतच राहिले आणि नवऱ्याला ती रोज खुर्चीतून तिथे नेऊन भरवत राहिली. रोज अर्धं पाणी काढलं, पिंपातलं मुरलेलं पाणी घातलं, बदामाची वाळकी पानं उकळून तो तांबूस काढा ओतला, बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकून जहर मोजलं. सहाव्या आठवड्यात थेंबांनी रंग बदलला नाही तेव्हा सहा मासे हाताने, एकेक करून, आत सोडले आणि स्वयंपाकघरातली टाकी केंग हूईला देऊन टाकली. या कामात तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मासे आधी भेदरले. मग पानांमागे गेले, पानांमधून पुढे आले. दुपारच्या उन्हाची एक तिरीप खिडकीतून यायची, तिच्यात त्यांची लाल अंगं अशी दिसायची की रोहाना पेज घेऊन आली ती पेज हातातच धरून उभी राहिली.

"कसं दिसतंय?" स्वी लियानने नवऱ्याला विचारलं.

त्याने टक केलं नाही. तो बघत राहिला. त्याला आवडलं, की उभ्या आयुष्यात नको म्हटलेली गोष्ट उशापाशी मांडली म्हणून आतल्या आत जळतोय, हे तिला कळलं नाही. पण तोंड उघडलं. सकाळी एक वाटी, दुपारी एक, संध्याकाळी अर्धी. महिन्यात गाल भरले. फिरत्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय करताय तुम्ही?" स्वी लियान म्हणाली, "बागकाम."

सात महिने तसे गेले. तिच्या आयुष्यातले ते सर्वांत बरे महिने होते, असं म्हणायला तिला लाज वाटली असती. नवरा लुळा पडलेला, शेड रिकामी, आणि तिला दुपारी खुर्चीत बसून पानं वाढताना बघायला वेळ. पानांबरोबर आलेल्या कुठल्या अंड्यांतून कधी एखादी गोगलगाय काचेवर दिसायची. ती अंगठा टेकायची, हात धुवायची.

सिंगापूरहून हुई शानचा फोन यायचा. "मा, पा काय म्हणतो?"

"पा काही म्हणत नाही. हेच आयुष्यभर हवं होतं मला."

"मा!"

"अगं, थट्टा. दाखवते तुला टाकी."

सहाव्या महिन्यानंतर बून लिओंगची टकटक वाढली. एकदा नाही, दोनदा नाही, ती सलग, रागाची. स्वी लियान भांडं लावून बघायची, नको असायचं. पाणी द्यायची, ओठ मिटलेले. कूस बदलायची, तर मान पुन्हा टाकीकडे वळवून टकटकटक. "काय आहे?" ती टाकीकडे बघायची. उभ्याने बघताना तिला पानं दिसायची, पानांवरून मासे दिसायचे, पाणी चहासारखं तांबूस, छान. "मासे बरे आहेत. सहाच्या सहा. मोज." तो डोळे मिटून घ्यायचा. मग पुन्हा टकटक. तिला वाटायचं, झाली सुरुवात. वाळूवरून. इतके महिने दम धरला, आता बोलून दाखवतोय. वाचा गेली तरी टोमणा मारायची सवय जात नाही.

एकदा तिने त्याच्या बोटातली अंगठी काढून ठेवली. दोन दिवस घर शांत होतं. मग तिलाच राहवलं नाही, तिने ती परत घातली.

चिनी नवं वर्ष आठ दिवसांवर आलं. हुई शान येणार होती. वर्षाच्या शेवटी घराचा कानाकोपरा साफ करायचा असतो. जुन्या वर्षाचं साचलेलं सगळं बाहेर काढायचं, कारण पहिल्या दिवशी झाडूला हात लावायचा नाही. स्वी लियानने पडदे धुतले, देवीचं मखर उतरवून पुसलं, पंख्याची पाती पुसली. टाकीच्या चौकटीवर लाल कागदाचा चौकोन चिकटवला. आणि मग रबरी नळी काढली.

पाणी ती रोज बदलायची, पण नळी वाळूच्या वरवर फिरायची. त्या दिवशी तिचा हात साफसफाईच्या भरात होता. वाळूवर पानांचा चुरा, तपकिरी साय जमलेली. तिने आधी अर्धं पाणी उपसलं, पिंपातलं बहुतेक सगळं मुरलेलं पाणी बादल्यांनी भरून टाकीत घातलं. मग वाटलं, वर्षाचा शेवट आहे, एकदा खोलवर काढूच. एकतीस वर्षं जी घाण दिसे तीच तिने काढली होती. न दिसणारी किती असेल, या विचाराने तिला किळस आली. तिने नळीचं तोंड वाळूत खुपसलं.

टकटकटकटक.

"थांब जरा," ती म्हणाली. पाठ त्याच्याकडे होती.

टकटकटकटकटक. दांडी घणघणायला लागली. त्याचा हात दांडीवर आपटत होता.

"भांडं देते म्हटलं ना! दोन मिनिटं धीर धर. आयुष्यभर मी धरला." तिने नळी आणखी खाली दाबली आणि रोपाच्या मुळांभोवती गोल फिरवली.

वाळूतून आधी एक बुडबुडा आला, मग रांगच्या रांग. नळीतून काळं पाणी आलं, डांबरासारखं. आणि मग वास. कुजक्या अंड्यांचा तो वास तिने लगेच ओळखला. एकतीस वर्षांच्या धंद्यात तिने तो वास फक्त इतरांच्या दुकानांत घेतला होता. जाड थराखाली हवा न पोचता जे सडत राहतं, त्याचा वायू. केंग हूईचे शब्द तिला आठवले नाहीत. त्याने वर केलेली दोन बोटं आठवली.

मासे पृष्ठभागाशी गेले. तोंडं उघडी, कल्ले फडफडणारे. एक आडवा झाला. स्वी लियानने नळी फेकली, जाळं घेतलं, स्वयंपाकघरातल्या पिंपाकडे धावली. पिंपाच्या तळाला वीतभर पाणी उरलं होतं. बाकी तिने आत्ताच टाकीत ओतलं होतं. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध, त्यात कल्ले जळतात. आधी शेडमध्ये मुरलेल्या पाण्याची बारा पिंपं असत. तिने सहाही मासे त्या वीतभर पाण्यात घातले, हवेची नळी सोडली, गुडघ्यांवर बसून हाताने पाणी हलवत राहिली. पुढच्या खोलीत टकटक चालूच होती. मग ती थांबली.

चार मासे तासाभरात गेले. पाचवा दुपारी. सहावा, सर्वांत मोठा, ज्याच्या कपाळाची पांढरी पट्टी सरळ शेंडीसारखी होती, तो दिवेलागणीपर्यंत तिच्या तळहातावर कल्ले हलवत होता. त्याचा लाल रंग आधी विटकरी, मग राखाडी झाला.

तिने सहाही परातीत घालून त्याच्यासमोर आणले. न आणता चाललं असतं. पण त्या घरात मेलेला मासा त्याला दाखवल्याशिवाय कधी पुरला गेला नव्हता. बून लिओंगने एकेक पाहिला, टाकीजवळ उभं राहून पाहायचा तसाच. मग त्याने डोळे छताकडे केले.

त्याच्या उशीला घामाने ओल आली होती. अभ्रा बदलायला स्वी लियान वाकली आणि तिचं डोकं त्याच्या डोक्याच्या पातळीला आलं. तेव्हा तिला टाकी दिसली, तो सात महिने बघत होता तशी. पानं वर, लांब. समोर, डोळ्यांसमोर, नुसता वाळूचा काप. पांढऱ्या वाळूच्या खाली, काचेला लागून, काळा पट्टा. नळी गेली नव्हती त्या बाजूला तो अजून शाबूत होता, अंगठ्याएवढा जाड, त्यात अडकलेले बुडबुडे चमकत होते. तो पट्टा एका दिवसात झालेला नव्हता. उभ्या माणसाला तो दिसणारच नव्हता. तो फक्त निजलेल्या माणसाला दिसत होता, आणि तो माणूस दांडी वाजवत होता.

ती तशीच वाकून राहिली. अभ्रा तिच्या हातात होता.

"मी भांडंच देत राहिले," ती म्हणाली.

हुई शान आली. नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळच्या जेवणाला टेबलावर अख्खा मासा हवाच, म्हणून स्वी लियानने आलं घालून पापलेट वाफवलं, पण ताट खाटेवरून दिसणार नाही असं मांडलं. कोणी त्याला हात लावला नाही. "मा, तुझी काय चूक," हुई शान म्हणाली. "वाळूच खराब असेल."

"वाळू चांगली होती," स्वी लियान म्हणाली. "भात घे."

मासे गेले त्या दिवसापासून बून लिओंगने पेजेला तोंड उघडलं नाही. केंग हूई दोन मासे घेऊन आला, चांगले, निळे, ताज्या दमाचे. "आ सो, उसने समजा. बघू दे त्याला." बून लिओंगने मान भिंतीकडे वळवली. केंग हूई जाताना रिकाम्या टाकीकडे बघत म्हणाला, "मी दोन बोटं सांगितली होती." मग स्वतःच ओशाळला. "तसं नव्हे."

"तसंच आहे," ती म्हणाली.

अकराव्या दिवशी नाकातून नळी घातली. आता पेज चमच्याने नाही, त्या नळीतून जाते. बून लिओंग गिळत नाही, नाकारतही नाही. तो जगतोय. डॉक्टरीणबाई म्हणतात, असा वर्षानुवर्षं जगू शकेल.

स्वी लियानने वाळू, माती, रोपं, सगळं जायफळाखाली नेऊन टाकलं. टाकी चुन्याने, मग मिठाने धुतली, आठ दिवस कोरडी ठेवली. कोरडी टाकी फार दिवस राहिली की सांधे सुकून फुटतात. म्हणून तिने ती पुन्हा भरली. खाली मोकळी काच, वर पाणी, पाण्यात गाळणी आणि तापकाची नळी. सवयीने तिने तापक तीसवर लावला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता, एकतीस वर्षं ज्या वेळी शेडमध्ये पाणी बदललं जायचं त्या वेळी, टकटक झाली. तिने भांडं आणलं नाही. ती उभी राहिली, मग खाटेशी वाकून, त्याच्या डोळ्यांच्या रेषेत मान आणून तिने बघितलं. रिकामी टाकी. स्वच्छ तळ.

तिने अर्धं पाणी काढलं, अर्धं घातलं. टकटक थांबली.

तेव्हापासून ती रोज दहा वाजता मासे नसलेल्या टाकीचं पाणी बदलते. रोहाना म्हणते, "हे काय वेड?" स्वी लियान म्हणते, "त्याला करायला सांग की मग." ही शिक्षा आहे की सोबत, हे तिने त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तरी एका, दोन, तीन टकटकींत त्याचं उत्तर बसलं नसतं.

परवा ती काच पुसत होती. गाळणीच्या स्पंजातून, चुन्यातून आणि मिठातून कशीबशी वाचलेली, मोहरीएवढी एक गोगलगाय काचेवर चढत होती. तिचा अंगठा आपसूक वर गेला.

मागून टकटकटक झाली.

या वेळी ती वळली. बून लिओंग तिच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर तिच्या अंगठ्यापाशी होती. तिने हात मागे घेतला. गोगलगाय दोन बोटं वर सरकली, थांबली, पुन्हा सरकली. तो तिच्यामागे डोळे नेत होता.

स्वी लियानने हात झग्याला पुसले, पेज गाळली आणि त्याच्या नाकातल्या नळीला पेज घालायचं नळकांडं लावलं. ती बरोबर त्याच्या आणि टाकीच्या मधे आली. त्याने एकदा टक केलं. पाणी नको होतं त्याला. ती खाटेच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिथून पेज घालू लागली.